दोन सूत ढील

३ मार्च

मास्तर जाळी घेऊन आले. आत या म्हटलं तरी दारातच उभे, पायपुसण्यावर पाय घासत.

"वहिनी, यंदा बाहेर द्यावी का शिवायला, असं चाललं होतं. पण म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

"एकोणीस वर्षं मी शिवतेय. यंदा काय माझे हात गळाले?"

ते हसले आणि लगेच ओशाळले. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले तरी माझ्यासमोर हसलं की लोकांना चोरी केल्यासारखं होतं.

वाचनालयाच्या मागच्या अंगाला हॉल आहे. तिथे सकाळी सहा ते आठ बॅडमिंटन चालतं. हे वीस वर्षं जात होते. वाचनालयात मी आठवड्यातून दोनदा जाते, पण पुढच्या दाराने. मागे कधी डोकावले नाही. जाळीची वरची पट्टी वर्षभरात फाटते, ती बदलायला हे मार्चमध्ये जाळी खांद्यावर टाकून आणायचे, एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. गेल्या मार्चमध्ये जाळी आलीच नाही. मास्तर गणित शिकवायचे, आता निवृत्त होऊन हॉलची किल्ली सांभाळतात.

६ मार्च

जाळी झाली. गिऱ्हाइकांच्या दोन पॅंटी आणि एक अस्तर मागे ठेवावं लागलं. जुनी पट्टी उसवली, नवी कापली, तिच्यात दोरी ओवली, दोन्ही टोकांना कड्या शिवल्या. त्या खांबांच्या हुकात अडकतात. नेहमीसारखी दोन सूत, म्हणजे पाव इंच, ढील ठेवली. ताणून शिवलेलं आधी शिवणीत फाटतं.

दुपारी दोन ते तीन मशीन बंद ठेवलं. ही ह्यांची झोपेची वेळ. आता झोपमोड कुणाची व्हायची आहे? पण पाय पायडलवर जात नाही.

मुलीचा फोन. ३० एप्रिलला टेम्पो ठरवलाय म्हणाली. माझी खोली रिकामी करायला घेतली आहे. "आई, तू फक्त ये. बाकीचं मी बघते." ह्यांच्या वर्षश्राद्धाआधीपासून मागे लागली होती, शेवटी जानेवारीत मी हो म्हटलं. एकुलती एक. ती तिकडे आणि मी इकडे, दोघींनी एकमेकींची काळजी करत बसण्यात काय अर्थ आहे?

७ मार्च

जाळी पोचवायला मीच गेले. मास्तरांना पुन्हा खेप कशाला?

हॉल मला वाटला होता त्याहून उंच. खिडक्या पार वर, काचांना खाकी कागद लावलेला, का तर उजेड डोळ्यांवर येऊ नये. भिंतीला खिळे, प्रत्येक खिळ्याला एक रॅकेट. ह्यांची अजून तिथेच आहे. मी तिच्याकडे बघितलं तसं सगळे दुसरीकडे बघायला लागले.

चौथा माणूस आला नव्हता. तिघं होते. मास्तर, एक वायरमन, ज्याला सगळे उंट म्हणतात (तो स्वतःही फोनवर "उंट बोलतोय" म्हणतो), आणि चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक बाई, चाळिशीची. तिला चष्मेवाली म्हणतात आणि तिला स्वतःला चष्मा नाही.

"वहिनी, कोपऱ्यात नुसत्या उभ्या राहा," उंट म्हणाला. "चौथं माणूस दिसलं की आमचं भागतं."

"अंगावर आलं तर बाजूला व्हा," चष्मेवाली म्हणाली, "नाहीतर मारा. काय हवं ते करा."

तिने आपली जुनी रॅकेट दिली. ह्यांची मला जड झाली असती. मी चपला काढून अनवाणी उभी राहिले. दहा-बारा वेळा ते पिसांचं फूल माझ्या बाजूने गेलं, मी गर्दीत कुणाची पिशवी चुकवावी तसं चुकवलं. मग एक सरळ तोंडासमोर आलं आणि हात आपोआप गेला. टक् असा आवाज झाला. सुईच्या नाकात दोरा एका फटक्यात जातो, तेव्हा आवाज होत नाही, पण झाला असता तर असाच झाला असता.

ते फूल पलीकडे पडलं. कुणालाच मिळालं नाही.

मी एकोणसाठ वर्षांची आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते.

९ मार्च

वाचनालयात पुस्तक बदलायला गेले. वाचनालय आठला उघडतं. मी सहाला पोचले, इतकंच. मग बाहेर उभं राहण्यापेक्षा मागे गेले.

१० मार्च

खांदा, मांडी, पोटरी, आणि जिथे काही आहे हे मला आजवर माहीत नव्हतं अशा दोन-तीन जागा दुखतात.

१५ मार्च

कॅनव्हासचे बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, नातवाला का? मी पाय पुढे केला.

ह्यांची एक करडी पॅंट माझ्या मापाची करून घेतली. पाय चार इंच आखूड केले आणि कंबर दोन इंच वाढवावी लागली. त्यांना कळतं तर आठवडाभर चिडवलं असतं.

मी जाते ती खेळायला म्हणून नाही. दिवसभर मशीनवर वाकून पाठ धरते, सकाळी हात-पाय मोकळे झालेले बरे. टेम्पो येईपर्यंत दीड महिना आहे, तोवर जाईन.

२१ मार्च

वाचनालयातून बॅडमिंटनच्या नियमांचं पुस्तक आणलं. ग्रंथपाल म्हणाला, हे आजवर कुणी नेलंच नव्हतं. इतकी वर्षं मागे खेळणाऱ्या मंडळींना वाचायची गरजच वाटली नाही!

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन मी मशीनपाशी शिकले. कपडा बेतण्याआधी वर्तमानपत्राच्या कागदावर बेत कापते, तर कापण्याआधी तो कागद वाचायचा, अशी सवय लागली. अर्ध्या बातम्या बगलेत आणि अर्ध्या गळ्यात कापल्या जायच्या. उरलेलं काय असेल, या उत्सुकतेने वाचनालयात नाव घातलं. तेव्हापासून काहीही नवीन हाती आलं की आधी त्यावर पुस्तक आहे का ते बघते. हे म्हणायचे, तू आंघोळीचंसुद्धा पुस्तक आणशील.

मुलीचा फोन होता. तिचा आवाज हल्ली घुमतो. म्हणाली, माझ्यासाठी खोली करायची म्हणून तिने कामाचं टेबल हॉलमध्ये आणलं आहे. ती घरांचे नकाशे काढते. "तिथे उजेड आहे ना?" मी विचारलं. "चालेल गं," म्हणाली. जावईबापूंनी माझ्यासाठी पुस्तकांचं कपाटही बघून ठेवलंय. किती करतात.

२८ मार्च

चष्मेवालीने सर्व्हिस शिकवली. मागे ओढून मारायचं नाही, नुसतं ढकलायचं, आणि फूल जाळीच्या पट्टीला घासून गेल्यासारखं पलीकडे पडलं पाहिजे. मला ती लगेच जमली. काठाला लागून शिवण घालायची, तसंच. उंट म्हणाला, "वहिनी, ही सर्व्हिस तर तुमच्या ह्यांनाही कधी आली नाही." मास्तरांनी त्याच्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, "वटारू नका. नव्हती येत तर नव्हती."

मग विचारलं, "कसे खेळायचे हे?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी चष्मेवाली म्हणाली, "मनापासून."

२ एप्रिल

एका गिऱ्हाइकाच्या पॅंटीचा एकच पाय दोनदा आखूड केला. दुसरा तसाच. शिवताना माझ्या डोक्यात सर्व्हिस चालली होती. चाळीस वर्षांत असं झालं नाही. ते गिऱ्हाईक वकील आहे, भरपाई कशी करायची ते त्यालाच विचारणार आहे.

पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. एक खोकं भरलं, मग त्यातलं एक वाचावंसं वाटलं म्हणून ते काढायला सगळं उपसावं लागलं.

१२ एप्रिल

आज गोदामाजवळच्या हॉलशी दरवर्षीची मॅच होती. मी खेळणार नव्हते, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला गेले.

आपली मंडळी हरली. दरवर्षी हरतात, ते मला माहीत होतं. हे घरी येऊन सांगायचे, "तिकडचे दिवे डोळ्यांवर येतात." मीच मग एक टोपी शिवून दिली, पुढे झडप असलेली. पुढच्या वर्षापासून ती घालून जायचे आणि तरी हरून यायचे.

पण आज बाकावर बसून बघताना मला दिवे काही दिसले नाहीत. दिसलं ते असं की आपल्या लोकांचं प्रत्येक फूल मधोमध जाळीच्या काठाला अडतंय. थोडक्यात. पुन्हा पुन्हा तिथेच. मापात चूक असली की कपडा रोज त्याच जागी ओढतो, तसं.

खेळ संपल्यावर सगळे बूट काढत होते तेव्हा मी पर्समधून टेप काढली आणि त्यांची जाळी मोजली. खांबाशी एकसष्ट इंच, मधोमध साठ. पुस्तकात आहे तेवढीच.

मास्तर लांबून बघत होते.

१३ एप्रिल

सकाळी गेल्या गेल्या आपली जाळी मोजली. खांबाशी एकसष्ट. मधोमध साडेछप्पन.

पुन्हा मोजली. दोन सुतांची ढील, आणि मधे साडेचार इंचांचा झोळ. कागदावर आकडा मांडला असता तर मलाही पटलं नसतं.

उंट बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. ती बांधलेलीच होती.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्याच वर्षी उंटाने मोजलं होतं," मास्तर म्हणाले. "तुमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, तिने दोन दिवस गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून शिवलंय, मी नाही सांगणार. ज्याला सांगायचंय त्याने घरी जाऊन सांगा."

"मग?"

"कोण येणार घरी?"

"एकोणीस वर्षं?"

"पुढच्या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू, असं करता करता झाली, वहिनी."

"आणि दरवर्षी तिकडे जाऊन हरलात."

"तुमचे हे तर सगळ्यांत जास्त," उंट नाडीकडे बघत म्हणाला. "एक जाईल तर शपथ. सगळं जाळीत."

"मग ते दिवे?"

"दिवेही वाईटच आहेत हो," मास्तर म्हणाले.

घरी आले. राग आला होता. रडूही आलं असतं, पण राग आधी आला होता, त्याच्यावरच दिवस काढला. तो माणूस माझी टोपी घालून हरायला जायचा! भांडायचं तर कुणाशी? समोर असते तर म्हटलं असतं, मला काय मेणाची समजलात? उसवून पुन्हा शिवायला मला एक दुपार लागली असती.

दोन ते तीन मशीन चालवलं.

१४ एप्रिल

पट्टी उसवली. मास्तर येऊन गेले. "राहू द्या ना, वहिनी. आता आमचे हात तसेच बसलेत. आणि त्यांची आठवण म्हणूनही..."

"आठवण खिळ्याला आहे," मी म्हटलं. "जाळी साठ इंच होणार."

या वेळी अंगणातल्या दोन खांबांना दोरी ताणून बांधली, हॉलच्या खांबांमधलं अंतर बरोबर मोजून, आणि पट्टी तिच्यावर ताणूनच टाचली. हाताला सवय नाही. सारखी ढील सुटायला बघत होती.

१७ एप्रिल

हॉलमध्ये तीन दिवस नुसती कुरकुर. उंटाचे सगळे स्मॅश जाळीत. मास्तर म्हणाले, या वयात पुन्हा पहिली इयत्ता. चष्मेवाली माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आज म्हणाली, "वहिनी, तुम्हाला ना, एक सून हवी होती."

सगळ्यांत वाईट हाल माझे. एक सर्व्हिस बरी यायची, तीही जाईना. काल सत्तावीस टाकल्या, चार गेल्या. आज तीस टाकल्या, नऊ गेल्या. त्या नऊ मला एकेक करून आठवतात.

टेम्पोला तेरा दिवस. खोकी रिकामीच आहेत. भरते म्हणते आणि मग काहीतरी निघतं.

२२ एप्रिल

आज खेळताना लक्षात आलं, उंट माझ्या बाजूला मारतो तेव्हा त्याचा हात वेगळा फिरतो. थांबवून विचारलं.

"मला हळू टाकता का तुम्ही?"

मास्तर रॅकेटच्या तारा सरळ करायला लागले.

"विचारतेय."

"थोडं," चष्मेवाली म्हणाली.

"थोडं म्हणजे किती?"

"बरंच."

मी बाकावर जाऊन बसले. दीड महिना मला वाटत होतं, मला येतंय. मास्तर पाण्याची बाटली घेऊन आले, तिचं झाकण उघडून दिलं. तेही मला उघडता येतं.

"आता नका टाकू हळू," मी म्हटलं.

"लागेल, वहिनी."

"लागू दे."

२३ एप्रिल

मास्तर माझ्या बाजूला, पलीकडे उंट आणि चष्मेवाली. एकवीस-तीन. हरले. एक फूल कपाळावर बसलं, एक दंडावर. उंट प्रत्येक वेळी "सॉरी" म्हणत होता, तेही बंद करायला सांगितलं.

ते तीन पॉइंट माझे आहेत. पहिला सर्व्हिसवर. दुसरा चष्मेवालीच्या पायाशी पडला, ती उडी मारून चुकली. तिसरा कसा झाला ते मला कळलं नाही, पण झाला.

घरी येताना कोपऱ्यावर थांबले. रस्त्यात उभं राहून एकटीच हसत होते. समोरून येणाऱ्या बाईने रस्ता ओलांडला.

ह्यांना सांगावंसं वाटलं. चौदा-पंधरा महिन्यांत त्यांना काही सांगावंसं वाटलं आणि ते दुःखाचं नव्हतं, असं पहिल्यांदा झालं.

मला जायचं नाही. लिहून टाकलं. आता हे मुलीला कुठल्या तोंडाने सांगू? आजारी आहे म्हणून नाही, कुणी अडवलं म्हणून नाही, तर खेळायला मिळणार नाही म्हणून? तिने घर हलवलं माझ्यासाठी.

२४ एप्रिल

सांगून टाकावं म्हणून मुलीला फोन लावला. टेम्पोवाल्याला खोकी किती सांगायची, एवढंच बोलून ठेवला.

२५ एप्रिल

सांगितलं.

"मी येत नाही."

"काय झालं? बरं नाही का?"

"बरं आहे. मला इथे बॅडमिंटन खेळायचंय."

तिने पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "काय खेळायचंय?"

"बॅडमिंटन. बाबांच्या हॉलमध्ये. मार्चपासून जाते."

"आई, ते इथेही असेल कुठेतरी."

"असेल. मला इथे खेळायचंय."

मग तिचा आवाज चढला. "अगं मी खोली रिकामी केली! टेबल हॉलमध्ये आणलं. महिनाभर अंधारात नकाशे काढतेय, डोळ्यांची वाट लागली, परवा एक अख्खा जिना चुकीचा काढला, आणि तू तिकडे... मार्चपासून? मार्चपासून सांगता नाही आलं तुला?"

फोन ठेवला तिने.

ती अंधारात काम करत होती, हे मला माहीत नव्हतं. चालेल म्हणाली होती.

२७ एप्रिल

फोन नाही. खेळायला गेले, पण एकही सर्व्हिस धड गेली नाही. घरी येऊन रिकामी खोकी घडी करून माळ्यावर टाकली. मग वाटलं, घाई केली. मग तशीच राहू दिली.

२९ एप्रिल

तिचा फोन आला. टेम्पो रद्द केला म्हणाली. टेबल परत खिडकीपाशी ठेवलं.

"बरं केलंस."

"आई, खरं सांग. तुला यायचंच नव्हतं का?"

"तू एवढं म्हणत होतीस, म्हणून यायचं होतं."

"मी तू एकटी पडशील म्हणून म्हणत होते." मग म्हणाली, "टेबल हलवलं तेव्हा मी रडले होते. ह्याला पण नाही सांगितलं."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"बाबा असते तर काय म्हणाले असते गं?"

"काही नसते म्हणाले. तोच तर सगळा घोळ आहे." आणि मी तिला जाळीचं, दिव्यांचं आणि टोपीचं सगळं सांगितलं. ती हसता हसता रडायला लागली की रडता रडता हसायला, ते फोनवर कळलं नाही. अजून रागावलेली आहे. राहू दे, तिचा हक्क आहे.

१० मे

मुलगी दोन दिवसांसाठी आली आहे. आज पहाटे माझ्याबरोबर हॉलमध्ये आली. बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली, जांभया देत. मी चष्मेवालीशी एकटी खेळले. एकवीस-सात. हरलेच, पण शेवटचा पॉइंट इतका चालला की मास्तर मोजायचे थांबले.

घाम पुसत तिच्याजवळ बसले तर ती माझ्या दंडावरचा काळानिळा डाग बघत होती.

"हे लोक तुला जरा सांभाळून नाही घेत का?"

"घ्यायचे. मीच बंद केलं."

ती त्या डागाला बोट लावून बघत राहिली. दुखतं का, असं विचारलं नाही. तिकडे उंट ओरडत होता, मी उद्या येणार नाही, चौथं माणूस बघा. मी तिला म्हटलं, "उद्या येतेस का तू? एक माणूस कमी आहे. कोपऱ्यात नुसती उभी राहिलीस तरी चालेल."

मला वाटलं, आता "बघू" म्हणेल. लहानपणापासून तिला नको असलं की ती "बघू" म्हणते, आणि मग मनाविरुद्ध येते.

"नाही, आई," ती म्हणाली. "मला नाही आवडत. मी झोपणार."

"झोप," मी म्हटलं. "मी घराची किल्ली घेऊन जाईन."